सुंदरा सायाळीच्या यूपीएसवरची पंगत

एका जंगलात वीज होती, मुलांनो. होती म्हणजे, तिच्या मनात आलं तर यायची. त्या जंगलात सुंदरा नावाची सायाळ राहायची. अंगावर हे एवढाले काटे. वाघसुद्धा तिच्या वाटेला जात नसे. पण दारात पाहुणा दिसला की काटे आपोआप आडवे व्हायचे. माहेरचं वळण. असल्या वळणाला आग लावावी, पण ते असो.

सुंदराच्या बिळात एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे कधी न झोपणारा कॉम्प्युटर. दिलेलं सगळं पोटात जपून ठेवतो. सुंदराच्या सर्व्हरच्या पोटात तिच्या थोरल्या बहिणीचा, ठकूताईचा आवाज होता. ठकूताई आता नव्हती. आवाज मात्र रोज संध्याकाळी बिळात घुमायचा, ‘अगं सुंदरे, आमटीत मीठ कोण घालणार, तुझा सासरा?’ चुलीपाशी बसलेली सुंदरा म्हणायची, ‘घालते गं ताई.’

त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. करायची राहून गेली होती. सगळ्यांचीच राहते.

जंगलाचा मेकॅनिक होता सुतारपक्षी. त्याने सुंदराला बजावलं की चालू सर्व्हरची वीज अशी अचानक जात राहिली तर एक दिवस डिस्क मरेल. त्यातलं सगळं घेऊन मरेल. सुंदरा तडक तरसशेठच्या दुकानात यूपीएस घ्यायला गेली. यूपीएस म्हणजे वीज गेली की थोडा वेळ बॅटरीवर वीज पुरवणारा डबा.

तिचं मागणं साधं होतं. एक सर्व्हर, एक राउटर. वीज गेली की सर्व्हरने आपलं आवरून नीट निजावं, तेवढी दहा मिनिटं मिळाली की झालं.

तरसशेठ हसला. तो कशालाही हसतो. म्हणाला, “दहा मिनिटं? बाई, चारचौघं बघायला येणार. खेळणं आणलं म्हणतील.”

चारचौघं म्हटल्यावर सुंदराने दहा मिनिटांचा विषय सोडला. तिने दुकानातला सगळ्यात मोठा यूपीएस घेतला. वाहून आणायला रानरेडा लागला. निघताना तरसशेठने सांगितलं की वरच्या ओळीतल्या तीन सॉकेटना बॅटरी आहे. खालच्या ओळीला नाही, तिथे फक्त विजेचा झटका अडतो. तेवढं मात्र मेल्याने खरं सांगितलं.

सुंदराने सर्व्हर आणि राउटर वरच्या ओळीत लावले, आणि इथे सगळं थांबायला हवं होतं. पण त्या जंगलाची एक रीत होती. नवी वस्तू घरात आली की आधी पाहुण्यांनी उष्टवायची. सुंदराने यूपीएसला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळ्यांना बोलावलं.

सगळे आले. वायरी घेऊन आले.

सिंहमहाराजांनी पाय दाबायचं यंत्र आणलं. वरच्या ओळीतलं तिसरं सॉकेट रिकामं होतं, ते त्यांना मिळालं. अस्वलअण्णांनी मध कोमट ठेवायची किटली आणली. अण्णांना खाली कसं बसवणार? राउटर खाली गेला. मग आली लांडोरवहिनी. नवऱ्याचा पिसारा फुलवायला तिने ड्रायर आणला होता. तिने वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, आणि नाक मुरडलं.

“सुंदराताई, सर्व्हर घरचाच ना तुमचा? घरच्यांनी मागून बसायचं असतं.”

सुंदराच्या पाठीवरचा एक काटा उभा राहिला. तिने तो पंजाने दाबला. सर्व्हर बंद केला, प्लग काढून खालच्या ओळीत लावला आणि परत चालू केला. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

पाहुणे काही हलले नाहीत. सुंदराकडे वीज जात नाही म्हणत रोज येऊ लागले. ती चहा करत राहिली.

एका दुपारी माकडांनी तारेवर झोके घेतले आणि जंगलाची वीज गेली. यूपीएस टीं टीं वाजला. महाराजांचे पाय दाबले जात राहिले. मध कोमट राहिला. ड्रायर घोंघावत होता.

“मोठा घेतलास ते बरं केलंस हो,” अस्वलअण्णा म्हणाले.

खालच्या ओळीतल्या सर्व्हरचा हिरवा दिवा विझला होता. वीज आल्यावरही तो लागला नाही.

सुतारपक्ष्याने डिस्कला कान लावला. आतून टकटक येत होती. त्याने मान हलवली.

“सगळं गेलं?” सुंदराने विचारलं.

“सगळं.”

तेव्हा मात्र सुंदराचे सगळे काटे उभे राहिले. सिंहमहाराज यंत्र पायात अडकवूनच पळाले, वायर मागून फरफटत गेली. लांडोरवहिनी बाहेर उभी राहून म्हणाली की बाई माणूसघाणी निघाली. सुंदराने सर्व्हरचा प्लग उचलला आणि वरच्या ओळीत, पहिल्या सॉकेटमध्ये लावला. रिकाम्या सर्व्हरला मानाचं पान मिळालं.

आठवडाभरात दरबारातून फर्मान निघालं: घरोघरी मोठा यूपीएस असावा, पाहुण्यांची उत्तम सोय होते. तरसशेठ अजून हसतोय.

तात्पर्य: यूपीएस घेताना घरात काय जपायचं आहे ते मोजू नये, पाहुणे मोजावेत. सर्व्हर रुसत नाही, नुसता बंद पडतो. आपलं माणूस कायमचं गप्प झालं तरी चालेल, पण शेजारणीचा ड्रायर थांबता कामा नये. शेवटी चारचौघांत राहायचं असतं, मुलांनो.