बांगड्याचे डोके

रिसालीच्या वसाहतीत आमच्या भिंतीपलीकडून दर रविवारी येणारा तो वास मला अजून आठवतो: उकळत्या बांगड्याचा, मिठाचा, आणि त्याखाली दबलेला, जुन्या तेलासारखा घसा खरवडणारा. त्याच्याही आधी, सकाळच्या बाजारात, ऐकू यायचा भिंतीपलीकडच्या त्याच घरातल्या मेश्राम सरांचा आवाज. सर निवृत्त जीवशास्त्र-शिक्षक. समुद्र इथून शेकडो कोस दूर. संताप मात्र खाऱ्या पाण्यातल्या माशांवरून.

"मुंडी कावून कापली रे? शेपूट घेऊन मी काय करू?"

"सर, साफ करके दिया!" मासेवाला केविलवाणा होई.

"साफ? मेंदू फेकून राहिला, डोळे फेकून राहिला! सारं पटल फेकलं तू!"

पटल म्हणजे पेशीचे आवरण. उमेदीच्या वयात सरांनी याच विषयावर प्रबंध आरंभला होता. प्रबंध अर्धवट राहिला, राग तेवढा पूर्ण झाला. थंड समुद्रात ते आवरण गोठू नये म्हणून मासा त्यात मऊ, पातळ राहणारे तेल, म्हणजे मेदाम्ले, भरतो, आणि सर्वांत अधिक मेंदूत नि डोळ्यांत, हे आमच्या दूधवाल्यालाही तोंडपाठ होते. त्याने थंडीत गोठणाऱ्या तुपाचे नाव काढले की त्याचीही खरडपट्टी ठरलेली.

एका रविवारी माझाही संयम संपला. वाळत घातलेल्या सुती साड्यांत तो वास मुरला होता. मी तणतणत त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले.

"सर, हा खवट वास आता सहन होत नाही!"

"खवट काय होते, माहीत आहे का तुले?" ते गरजले. "तूप टिकते, पोरी. जे मऊ असते ना, तेच हवा लागली की खवट होते!" मग खिडकीकडे पाहताना आवाज एकाएकी उतरला. "हे बी मले लग्नापासून खवटच म्हणे."

खिडकीशी खुर्चीत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. पक्षाघात झाल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सरांनी बांगड्याच्या डोळ्यामागचा गर बोटाने काढला, काटा नाही ना हे दोनदा चाचपले, आणि त्यांच्या ओठांना लावला.

"मेंदूले हेच लागते. यानं बोलन ते," माझ्याकडे न पाहता ते पुटपुटले. "कावून नाही बोलणार?"

गर हनुवटीवर ओघळला.

"उभी काय राहिली? फडकं दे!" ते माझ्यावर खेकसले.

मी फडके पुढे केले. काकूंनी माझे मनगट धरले, नजरेने सरांकडे दाखवले, आणि ओठ कष्टाने जुळवत मला म्हणाल्या,

"खवट."