शाबामामाचं अर्धं पान

शाबामामाकडे लग्नपत्रिका घेऊन जा, नाहीतर बैल हरवल्याची तक्रार. तो आधी विचारणार, "वेल्सवाल्यांनी कसा केल्यानी, ठाऊक आसा?"

वेल्स कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. पावाभोवती गुंडाळून आलेल्या एका इंग्रजी पानावर त्या लोकांची हकीकत होती, ती डिचोलीच्या एका मास्तरांनी त्याला सांगितली. खाणींनी आणि जमीनदारांनी पिळलेली माणसं बोटीत बसून कॅनडाच्या गवताळ माळावर गेली. मातीच्या ढेपांची घरं बांधली, गावाला जुन्या गावाचंच नाव दिलं, स्वतःच्या भाषेत प्रार्थना म्हटली. तिथे पान फाटलेलं.

"पुढं काय झालं, मामा?"

"फाटलां मरे! म्हणजे चालू आसा."

आम्ही पोरं तेव्हा गोव्याच्या राजभाषेची आणि घटकराज्याची पत्रकं वाटत होतो. खाणीला छापील शिव्या देऊन चहा प्यायचो. आमोण्यातलं मामाचं शेत खाणीच्या तांबड्या गाळाखाली गेलं, तेव्हा त्याने शिव्या दिल्या नाहीत. हळर्णच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, बायकोच्या माहेरची पडीक जमीन होती. तिथे त्याने शेतं गेलेल्या नऊ कुटुंबांना नऊ तुकडे आखले आणि पाटी रोवली: 'नवें आमोणें'.

नऊही जणांनी माना डोलावल्या आणि नऊही जण खनिजाच्या ट्रकवर चढले.

"मामा, सडो पिकता काय? ट्रक तरी चलता!" त्यांतला एक म्हणाला.

मी त्यांना भर सभेत भेकड म्हटलं. त्या नवांत माझा सख्खा भाऊ होता. सभेला तो आलाच नव्हता.

पुढे एकदा मामाची हकीकत पत्रकात छापावी म्हणून ते पान मागायला सड्यावर गेलो. मामा कळशी घेऊन काजूच्या रोपांना पाणी घालत होता. प्रत्येक तुकड्यात एक रोप, त्याला त्या घरधन्याचं नाव.

"तुकाराम, पी रे," तो एका रोपाला म्हणाला. "बायलेक विचारलंस? कधी येतास?"

नवांतली सात वाळून गेली होती. पाणी सगळ्यांना सारखं.

पान मागितलं, तर त्याने खिशातून दोन तुकडे काढले.

"मास्तरान सगळा वाचून दाखयलेला. फाडलंय मियाच."

दुसरा तुकडा मी वाचला. पोरं शहरात गेली. प्रार्थनाघरात धान्याची पोती रचली. शेवटच्या म्हाताऱ्याची भाषा कळणारा उरला एक घोडा.

"छापशीत तर पयला अर्धा छाप," मामा म्हणाला.

मग एका वाळक्या काडीपाशी नेऊन त्याने कळशी माझ्या हातात दिली.

"हो तुजो भाव. आज तरी तेच्याशी दोन शब्द बोल."