गळतीच्या मागावर भाऊसाहेब

भाऊसाहेब इंगळे कोणाच्याही घरी गेले की बेल वाजवण्याआधी दारातल्या गाडीखाली वाकून पाहतात. दार उघडणाऱ्याला नमस्काराऐवजी निष्कर्ष ऐकावा लागतो. अमरावतीत आमच्या कॉलनीत एक साखरपुडा होता. भाऊसाहेबांनी मुलाच्या वडिलांना कोपऱ्यात नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे, एक गोष्ट तुमाले कोनी सांगनार नाही." वडिलांचा चेहरा उतरला. "तुमची गाडी मागून पाझरून राहिली."

भाऊसाहेब कालवा निरीक्षक होते. पाणी कुठे मुरतं ते शोधण्यात अख्खी नोकरी सरली आणि पाणी मुरतच राहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. तिच्या इंजिनातून ऑइल गळू लागलं. ते दुःखी झाल्याचं कोणाला आठवत नाही.

"जिथं दिसते तिथं नसते," हा त्यांचा सिद्धांत. थेंब खाली पडतो, उगम वर असतो. रशीदभाई मेकॅनिकने सगळी पॅकिंग एकदम बदलून टाकू म्हणून सुचवलं, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला बसवून घेतलं आणि समजावलं की अशाने गळती थांबेल, पण सापडणार नाही. रशीदभाईने हात पुसले आणि चहा सांगितला.

एरवी हा छंद घरातल्या घरात राहिला असता. पण अकोल्याला त्यांची थोरली बहीण राहते. आक्का ऐंशीच्या घरात, एकटी. तिने अंगणात पांढरीशुभ्र फरशी बसवली आणि पुढच्याच खेपेला भाऊसाहेबांच्या गाडीने त्या फरशीवर तळहाताएवढा काळा डाग पाडला. सोडा, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. डाग गेला नाही. आक्काने निकाल दिला: तू ये, गाडी आत आणायची नाही.

भाऊसाहेबांनी उलट निकाल दिला. गाडी बाहेर तर मीही बाहेर.

तेव्हापासून ते अकोल्याला जात आणि फाटकाबाहेर उभे राहत. आक्का व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे. मध्ये लांबलचक अंगण. दोघांनाही थोडं कमी ऐकू येत असल्यामुळे इंगळ्यांच्या घरची लग्नं, भांडणं आणि पोटाच्या तक्रारी साऱ्या गल्लीला तपशीलवार कळत. समोरचे एक गृहस्थ मध्येच दुरुस्त्याही सुचवत. भाऊबीजेच्या आत गळती सापडली पाहिजे, असं भाऊसाहेबांनी ठरवलं होतं. आक्काचं ओवाळणीचं ताट एकदाही चुकलं नव्हतं आणि हे ताट फाटकावरून फेकून देता येण्यासारखं नव्हतं.

त्यांची पद्धत अशी. इंजिन धुवायचं, वाळवायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची आणि गाडी पळवायची. तेल जिथून निघेल तिथे पावडर काळी पडते. पण वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत रस्त्याच्या धुळीने सगळं इंजिनच काळ्या मातीचं होई. शिवाय वारा तेल मागे उडवी. प्रत्येक खेपेला उगम नव्या ठिकाणी निघे. गाडीला मात्र मोगऱ्याचा वास येऊ लागला.

भाऊबीजेला मी त्यांच्यासोबत होतो. तोवर काहीच सापडलेलं नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी आक्काच्या फाटकासमोरच बॉनेट उघडलं, इंजिन पुसून त्यावर ताजी पावडर टाकली आणि गाडी उभ्या जागी चालू ठेवली. उभ्या गाडीला धूळ नाही, वारा नाही. मला टॉर्च देऊन एका बाजूला उभं केलं, दुसऱ्या बाजूने ते स्वतः वाकले. आक्का व्हरांड्यातून ओरडून विचारत होती की सापडलं का. ते हात वर करून थांब म्हणत होते.

बऱ्याच वेळाने माझ्या बाजूला, इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, पावडरीतून एक बारीक काळी रेघ उतरली. मी पाहत असतानाच ती लांबली.

"भाऊसाहेब, सापडली," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही. आक्का व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली होती. एका हातात ताट, दुसरा हात भिंतीला. भिंत संपली तशी ती त्या गुळगुळीत फरशीवर एकेक पाऊल टाकत फाटकाकडे येऊ लागली. निरांजनाची ज्योत हलत होती.

भाऊसाहेब फाटक ढकलून आत धावले. बूटही काढले नाहीत.

"तू काहून उतरली?" ते ओरडले. "या गुडघ्यानं तुले फाटकापावतर चालता येत नाही, म्हनून त गाडी पायऱ्यापावतर आनाची होती. अमरावतीले न्याची होती तुले. घरी."

"मले कुठं सांगितलं तू?" आक्का म्हणाली.

त्यांनी ताट स्वतःच्या हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला. पांढऱ्या फरशीवर त्यांच्या बुटांचे तेलकट ठसे उमटले होते. आक्का ते पाहत होती.

मी पुन्हा एकदा हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. इंजिन मीच बंद केलं.