जलवीराचे कान

कोणत्याही जबाबदार यंत्रणेला शेवटी एक चेहरा लागतोच. फक्त तो कुणाचा असावा, हे ठरेपर्यंत चांगली चांगली माणसं निवृत्त होतात.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागाने हा पेच ज्या धडाडीने सोडवला, तिला तोड नाही. अकरा दिवस अर्ध्या वस्तीच्या नळांना पाणी नव्हतं. लोक तक्रारीच्या खिडकीशी येत, आतल्या कारकुनाचं तोंड बघत आणि भडकत. विभागाने शास्त्रशुद्ध पाहणी केली. तीत असं आढळलं, की शंभरातल्या त्र्याण्णव तक्रारदारांचा राग पाण्यापेक्षा कारकुनाच्या चेहऱ्यावर जास्त होता. (उरलेले सात नुसतेच तहानलेले होते, त्यांचं मत धरलं नाही.) पाणी आणणं तक्रार विभागाच्या कक्षेत येत नव्हतं. चेहरा येत होता. तेव्हा ठराव झाला, की खिडकीवरच्या प्रत्येकाने ‘जलवीर’ नावाच्या महानायकाचा मुखवटा घालावा. एकूण नग चाळीस, लॅटेक्सचे, धुता येतील असे. (कशाने धुवायचे, हे ठरावात नव्हतं.)

काम आलं साचेकाकूंकडे. काकूंनी उभा जन्म कवळ्यांचे साचे काढले होते. दातांचे दवाखाने सुटल्यावर त्या हौशी मंडळींसाठी महानायकांचे मुखवटे करायला लागल्या. “कवळी काय नि महानायक काय, साच्यातून सुटला म्हणजे झालं,” असं त्या म्हणायच्या.

त्यांचे सगळे महानायक एकाच डोक्यावर घडत. ते डोकं काकांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं. घेर बावीस इंच. त्या डोक्याचा प्लास्टरचा ठसा घेताना काकांना नाकात दोन नळ्या घालून अर्धा तास निमूट बसावं लागलं होतं. त्यांना त्यात वेगळं काही वाटलं नाही. निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठा कार्यालयातच, मागच्या खोलीत, एकोणतीस वर्षं ते व्हॉल्व्हची नोंदवही लिहीत बसले होते.

आणि खरी गोम अशी, की पाणी का गेलंय याचा काकांना अंदाज होता. टाकीजवळची दुरुस्ती झाल्यावर तिथला व्हॉल्व्ह उघडायचा राहिला असणार, असा अर्ज त्यांनी रांगेत उभं राहून चारदा दिला होता. चारही अर्जांवर पोचेचा शिक्का ठळक आणि सरळ उमटला होता. विभागाचं काम चोख होतं.

मुखवट्यासाठी एक समिती नेमली गेली. जबडा रुंद हवा, यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं. किती रुंद, यावर पुढच्या चार बैठका झाल्या. डोळे अर्धमिटले ठेवायचे होते (पूर्ण उघडे ठेवले, तर त्याला सगळं दिसतंय असा लोकांचा गैरसमज व्हायचा). तोंडाला आश्वासन बाहेर पडेल एवढीच भेग. कान मुळीच नकोत.

“मग साहेब, आतल्याला ऐकू कसं यायचं?” काकूंनी विचारलं.

“काकू,” विभागाचे साहेब मायेने म्हणाले, “महानायकाला आतून कळत असतं.”

काकूंनी प्लास्टरच्या डोक्यावर माती चढवली आणि जबडा घडवायला घेतला. तो समितीच्या मापाने इतका पसरला, की त्यावरून काढलेल्या साच्यातून मुखवटा सुटेना. दोनदा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी साचाच तीन तुकड्यांत पाडला, आत लॅटेक्स ओतलं, साचा हातात धरून चहूकडे फिरवला, उरलेलं डब्यात परत ओतलं. थरावर थर दिले. अमोनियाच्या वासाने शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सुकल्यावर पावडर भुरभुरून मुखवटा सोलून काढला, निळा रंगवला, वर लाटेसारखे केस बसवले. खोटं कशाला सांगा, काकूंचा ऊर भरून आला.

“अहो, घालून बघा. घट्ट होतोय का?”

“काय म्हणालीस?” मुखवट्यातून आवाज आला.

असं तीनदा झालं. मग काकांनी शांतपणे कात्री उचलली आणि लाटांच्या आडोशाला दोन्ही बाजूंनी दोन भोकं पाडली.

“अहो! नमुना होता तो!”

“ऐकू येत नव्हतं गं.”

“समितीला तेच हवंय ना पण!”

दुसरा करायला वेळ नव्हता. नमुना त्याच सकाळी दाखवायचा होता, आणि ताजा मुखवटा घडी घालून नेला तर जबड्याला चूण पडते. तेव्हा तो काकांनी डोक्यावरच चढवून न्यावा, असं ठरलं.

साहेब बैठकीत होते. खिडकीवरचा कारकून चहाला गेला होता. रांगेत चौतीस माणसं होती, आणि निळा जबडा दारातून आत येताच ती सगळी त्याच्याकडे धावली. कुणीतरी काकांना ढकलत खुर्चीपर्यंत नेलं. खुर्ची दिसल्यावर काका बसले. जुनी सवय.

काकू भिंतीला टेकून बघत होत्या. कडेवर बाळ असलेली एक बाई पुढे झाली. “अहो वीरसाहेब, अकरा दिवस बाळाची दुपटी धुतलेली नाहीत हो.”

“तुमच्याकडे आधी कुठला नळ आटला?” काकांनी विचारलं. “टाकीकडचा की कोपऱ्यावरचा?”

त्या खिडकीतून आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

काकांनी चौतीस जणांना तोच प्रश्न विचारला आणि कागदावर खुणा केल्या. मग ते उठले, मागच्या अंगणात गेले आणि तिथे पाय पसरून बसलेल्या व्हॉल्व्हवाल्याला म्हणाले, “टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद राहिलाय. चल, उघड.” व्हॉल्व्हवाल्याने जबडा पाहिला आणि चावी उचलली. दुपारी तीनला नळ फुसफुसले, खोकले आणि वाहू लागले.

आदेशाशिवाय पाणी आल्याने साहजिकच चौकशी लागली. चौतीस साक्षीदार तपासले गेले. त्यातल्या एकतीस जणांनी जबड्याची तारीफ केली, दोघांनी निळ्या रंगाची, आणि एकाने एकूणच बाणेदारपणाची.

काकूंना राहवेना. त्या उभ्या राहिल्या. “साहेब, आत आमचे हे होते!” आणि त्यांनी काकांना हाताला धरून पुढे आणलं.

चौतीस जणांनी काकांकडे पाहिलं. शेवटी बाळाची आई समजुतीने म्हणाली, “मावशी, ह्यांचा काय संबंध? ह्यांना मी ओळखते की. रांगेत माझ्या मागे उभे असतात.”

काकू काही बोलणार होत्या, पण काकांनी त्यांचा हात हलकेच दाबला. “जाऊ दे गं. पाणी आलं ना?”

काकूंच्या डोळ्यांतही आलं. त्याची नोंद अहवालात नाही. अहवालात एवढंच आहे, की सदर प्रकार नमुन्यातल्या दोन भोकांमुळे घडला. उर्वरित एकोणचाळीस नग बिनकानाचे असावेत. काकूंनी ते करायला साफ नकार दिला. तेव्हा ते दुसरीकडून करून घेतले गेले आणि आज खिडकीवर दिमाखात बसलेले आहेत. पाणी पुन्हा दोनदा गेलं, पण समाधानाचं प्रमाण शेकडा शहाण्णववर पोचलं आहे. रांगेतली माणसं आता हात जोडून येतात, बोलतात आणि प्रसन्न मनाने रिकामी बादली घेऊन परत जातात.

वाचकहो, जलवीर एव्हाना तुमच्याही डोळ्यांसमोर उभा असेल. त्याचा रंग, त्याचा जबडा, त्याची केसांची लाट, सगळं तुम्हाला पाठ झालंय. काका दिसायला कसे होते, हे मात्र या गोष्टीत कुठेही सांगितलेलं नाही. तसं सांगायला हरकत नव्हती. तुम्ही कुणी विचारलंच नाहीत.