हात धुण्याची योग्य जागा

ज्ञान डोक्यात असते आणि जंतू हातावर, त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचे सहसा कारण नाही. वाशीमच्या आमच्या रुग्णालयाने हे तत्त्व सत्तरच्या दशकातच अमलात आणले (आम्ही काळाच्या पुढे असतो, फक्त रुग्णवाहिका मागे असते).

श्वास देणारे यंत्र आले, तेव्हा सिस्टर मंडळींना प्रशिक्षणही मिळाले. यंत्राच्या घशातल्या नळीवाटे फुफ्फुसात जंतू शिरतात, न्युमोनिया होतो; म्हणून नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. त्यासाठी खोलीच्या दारातच बेसिन बसवले.

यंत्रावरचे पहिले रुग्ण धनजचे शेषराव. त्यांना मण्यार चावली होती, विषाने अंग लुळे पडून श्वास थांबला होता. विष उतरेपर्यंत यंत्राने साथ दिली तर माणूस आपल्या पायांनी घरी जाणार होता. उशाशी बायको धुरपताबाई बसून होत्या.

सिस्टर लिलाबाई आल्या, खसखसून हात धुतले आणि शेषरावांकडे वळल्या. धुरपताबाईंनी हंबरडाच फोडला.

"अवो बाई, मयतीवरून आल्यावानी हात कायले धुवून राह्यल्या? माणूस जित्ता हाये माहा!"

"त्याईच्याच भल्यासाठी धुतो, बाई."

"भलं करा लागते तं घरी जाऊन धुवा!"

मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे दारात हातपाय धुतात ते मसणातून परतल्यावर. बाहेरचे नातेवाईकही गरम झाले. तेव्हा आमच्या समितीने (मी तिचा सदस्य) लोकभावनेचा आदर करून बेसिन कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी हलवले. अशी जागा आवारात एकच होती, शवविच्छेदनाच्या खोलीमागे. तिथून परत येईपर्यंत हात आपोआप वाळत (टॉवेलची बचत), मात्र वाटेत तीन दारांच्या कड्या उघडाव्या लागत. शिवाय यंत्रावरचा माणूस एकटा सोडून एवढ्या लांब जायचे कसे? लिलाबाईंनी जाणे सोडले. धुरपताबाई शांत झाल्या, दुवाही देऊ लागल्या.

पुढे अकोल्याहून साहेब आले आणि सिस्टर मंडळींच्या ज्ञानाची परीक्षा झाली. प्रश्न : हात केव्हा धुवावेत? सर्वांना पैकीच्या पैकी. शंभर टक्के ज्ञान असलेले रुग्णालय म्हणून आमचे कौतुक झाले, चहा झाला. कुठे धुवावेत, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

शेषरावांचे विष तोवर उतरले होते. पापण्या उघडल्या, त्यांनी बायकोला ओळखले, बोटही हलवले. मग ताप भरला. मण्यारीतून वाचलेला माणूस न्युमोनियाने गेला. फार वाईट वाटले, अगदी समितीलासुद्धा.

त्या दिवशी मागच्या बेसिनवर रांग लागली. डॉक्टर, लिलाबाई, नातेवाईक, शेवटी धुरपताबाई. सगळ्यांनी नीट, साबण लावून हात धुतले. आता कोणाचीच हरकत नव्हती.

वाचकहो, खेड्यातल्या बाईला हसायचे तेवढे हसून घ्या. मग आठवा, मागच्या वेळी आपण दवाखान्यात कोणालातरी भेटायला गेलात, मायेने त्याच्या तोंडावरून हात फिरवलात, मोसंबीची फोड भरवलीत. आपणही स्वच्छतेचे पक्के आहात. घरी आल्याबरोबर हात धुतलेत.