तीन इन्व्हर्टर आणि एक चादर

माझ्यासारखा माणूस शतकात एकदाच जन्माला येतो. बायकोच्या मते एकदासुद्धा जरा जास्तच झालं, पण तिच्या मताला पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय मी काहीच मानत नाही. मी सौर-गुप्तहेर आहे. जिथे विजेच्या तारा पोचलेल्या नाहीत, जिथे छपरावरचं ऊन बॅटरीत साठवून दिवे, पंप आणि संसार चालवावा लागतो, तिथे काही बंद पडलं की लोक आधी बसवणाऱ्याला फोन करतात, मग त्याच्या मालकाला, मग देवाचा धावा करतात आणि शेवटी मला बोलावतात. हा क्रम मी मनाला लावून घेत नाही. मोठ्या माणसाकडे लोक शेवटीच येतात.

माझी नजर घारीची आहे. जळणाऱ्या वायरचा वास मला पलीकडच्या खोलीतून येतो. एकदा ती वायर नसून माझीच बाही निघाली होती, पण वास आला होता की नाही? एका खिशात वीज मोजायचा मल्टिमीटर, दुसऱ्यात भिंग. भिंगामुळे लोकांवर भलतीच छाप पडते. चष्मा हरवल्यापासून ते मी बाळगतो, हे प्रत्येकाला सांगत बसायची गरज नाही.

माझा सहायक म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने वायरमनचं रीतसर शिक्षण घेतलंय, म्हणून मी त्याला शिडी धरायला ठेवलंय.

तर त्या सकाळी आम्ही उबवणीवाल्या ताईंच्या घरी पोचलो. टेकडीच्या उतारावर त्यांचं घर, घराला लागून पत्र्याची लांब शेड, आणि शेडमध्ये कपाटाएवढी दोन मशीनं. त्यांत ट्रेवर ट्रे रचून अंडी उबवायला ठेवलेली. काचेतून पाहिलं तर सगळी शहाण्यासारखी ओळीत बसली होती.

"उद्या फुटायला लागतील," ताई म्हणाल्या. रात्रभर झोप नसल्यासारखे त्यांचे डोळे झाले होते. "मागच्या खेपेला मी बाजारात गेले होते. परत येते तर वीज गेलेली, मशीन गारठलेलं. एक पिल्लू निघालं नाही हो. नोकरी सोडून मी हे काढलंय. हीही खेप गेली, तर मी दुकान बंद करणार आणि परत कोणाच्या तरी हाताखाली जाणार."

"ताई, आता काळजी सोडा," मी भिंग बाहेर काढत म्हणालो. "मी आलोय."

"म्हणूनच म्हणतो, ताई, दोन जादा ब्लँकेटं काढून ठेवा," मेहुणा म्हणाला. "अंड्यांसाठी."

शेडच्या मागे एक चिंचोळी खोली होती. भिंतीवर एका ओळीत तीन इन्व्हर्टर, खाली बॅटऱ्या. ताईंना समजावलं तेच वाचकांनाही सांगतो, हे तिघं मिळून एकच ओझं उचलतात. कपाट हलवताना तीन माणसं लागावीत तसं. मधेच एकाने हात काढला, तर कपाट उरलेल्या दोघांच्या पायावर.

"तेच होतं इथे," ताई म्हणाल्या. "दुपारची वेळ असते. दोन्ही मशीनचे हीटर एकदम लागले की टूं टूं सुरू होतं. धावत यावं, तर एक इन्व्हर्टर पार मेलेला आणि बाकीच्या दोघांवर लाल दिवा, भार जास्त झाला म्हणून. मग सगळी बटणं दाबायची, पुन्हा सुरू करायचे."

"मरतो तो कुठला?"

"तीच तर गंमत आहे. कधी हा, कधी मधला, कधी पलीकडचा. बसवणारा येऊन बघून गेला. म्हणतो, तिन्ही बदला."

"आणि हे कधीपासून?"

"दुसरं मशीन घेतल्यापासून. त्याआधी वर्षभर तक्रार नव्हती."

मी डोळे मिटले. गुन्हा पाळीपाळीने होत होता. म्हणजे हा साधा बिघाड नव्हता. हा कट होता.

पहिला संशय बॅटरीच्या तारांवर. प्रत्येक इन्व्हर्टरला जाणारी तार सारख्या लांबीची लागते, नाहीतर जवळचा राबतो आणि लांबचा ऐतखाऊ होतो. मी स्वतः वितीने तारा मोजल्या. पहिल्या खेपेला डावीकडची लांब निघाली, दुसऱ्या खेपेला उजवीकडची.

"तारा जागच्या जागी वाढतायत," मी गंभीरपणे म्हणालो.

मेहुण्याने टेप लावली. तिन्ही सारख्या.

"टेप आटली असेल," मी म्हणालो आणि तो मुद्दा तिथेच सोडला.

दुसरा संशय त्या बारीक केबलवर, जिच्यातून तिघं एकमेकांशी बोलतात. भिंग लावून पाहतो तर केबलवर एक पाल. मी तिला दरडावून विचारलं, ती ढिम्म हलली नाही. सराईत होती. पकडायला गेलो तर शेपूट माझ्या हातात ठेवून फरार झाली.

"बघितलंस? घटनास्थळी पुरावा टाकून पळाली."

"दाजी, भिंतीवर पाल असतेच. केबल ठीक आहे. दोन्ही टोकं मी ओढून पाहिली."

"मग मधला," मी आवाज खाली आणला. "दोघांच्या मधे बसून दोघांचे कान भरतो. मला तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता."

मेहुण्याने मधल्याची तपासणी केली. मधला धडधाकट होता. उरलेले दोघंही. सेटिंगसुद्धा तिघांचं एकसारखं. मेहुणा डोकं खाजवू लागला. मी मात्र खाजवलं नाही, कारण मला आता साक्षीदार तपासायचे होते.

साक्षीदार एकच होते, ताईंचे सासरे. आजोबांनी उभी हयात सूतगिरणीत पाळीवर मुकादमी केली होती आणि गळ्यातली शिट्टी अजून उतरवली नव्हती. व्हरांड्यात खुर्ची टाकून ते असे बसले होते, की आपण उशिरा आलोय असंच वाटावं.

"आजोबा, त्या मागच्या खोलीत कोण कोण असतं?"

"तिघं असतात. कामावर."

"तिघं म्हणजे?"

"थोरला, मधला आणि धाकटा."

मी मेहुण्याकडे पाहून डोळा मिचकावला. वय झालं की माणसाचं असं होतं.

"काही संशयास्पद दिसलं का तिथे?"

"छे! गुणी पोरं आहेत. कामाला वाघ. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. असल्या कामगारांचीच काळजी घ्यावी लागते. जे ओरडतात ते आपली घेतात." मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही फार दमलेले दिसता."

या संबंध तपासात माझी कदर करणारा हा पहिला माणूस भेटला. मी त्यांना संशयितांमधून तिथल्या तिथे वगळून टाकलं.

ताईंनी आग्रह करकरून जेवू घातलं. जेवणानंतर त्या मशीनकडे गेल्या, मेहुणा त्यांना हीटर दाखवायला सांगून मागोमाग गेला, आणि मी सापळा लावला. सापळा म्हणजे मी स्वतः. इन्व्हर्टरच्या खोलीत, बॅटऱ्यांच्या आड, जमिनीवर दबा धरून बसायचं. गुन्हेगार आला की झडप घालायची. तिन्ही इन्व्हर्टर एका सुरात घुमत होते. खोली उबदार होती. एकाग्रता वाढावी म्हणून मी डोळे मिटले. मग आणखी वाढावी म्हणून आडवा झालो.

टूं, टूं, टूं!

मी दचकून उठलो आणि मला काहीच दिसेना. डोक्यापासून पायापर्यंत मला कशात तरी गुंडाळलं होतं. हातपाय झाडत बाहेर आलो, तर डावीकडचा इन्व्हर्टर काळाठिक्कर आणि बाकीच्या दोघांवर लाल दिवे. ताई धावत आत आल्या. घाईत त्यांना बटण सापडेना. मेहुण्याने शेडमधून ओरडून सांगितलं, "एक मशीन बंद केलंय, आता सुरू करा!" त्यांनी बटणं दाबली. पहिला घुमला, दुसरा घुमला, तिसराही घुमला. मेहुण्याने दुसरं मशीन परत लावलं.

ताई शेडमध्ये गेल्या आणि मशीनच्या काचेला दोन्ही तळवे लावून उभ्या राहिल्या. "ऊब आहे," त्या म्हणाल्या. "ऊब आहे अजून." आणि तिथेच पायरीवर बसून त्यांना रडू आलं. मला मनापासून वाईट वाटलं. सापळ्यात मी सोडून कोणीही अडकलं नव्हतं.

पण गुप्तहेराने पाझरून चालत नाही. मी ती चादर उचलली आणि भिंग लावलं.

"ताई, आता गुन्हेगार आपल्या हातात आहे. तो खोलीत शिरला. त्याने मला पाहिलं. त्याची बोबडी वळली. मी ओळखू नये म्हणून त्याने माझ्या तोंडावर ही चादर टाकली. आणि पायाकडून नीट खोचलेली होती. म्हणजे माणूस थंड डोक्याचा, निर्दयी आणि पूर्वीपासून गुन्हेगारीत मुरलेला."

ताईंनी नाक पुसत चादरीकडे पाहिलं. "ही बाबांची चादर आहे. तुमच्या अंगावर कशी आली?"

माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधी त्या चादर घेऊन व्हरांड्यात पोचल्यासुद्धा. आम्ही मागून.

"बाबा, यांच्या अंगावर चादर तुम्ही घातलीत?"

"मग काय करणार?" आजोबा म्हणाले. "पाहुणा माणूस, फरशीवर मुटकुळं करून घोरत पडलेला. थोरल्याला बंद करायला गेलो तर पायातच आला माझ्या."

मेहुण्याने हळूच विचारलं, "आजोबा, थोरल्याला बंद का करता?"

"आज त्याची सुट्टी. काल मधल्याची झाली." आजोबांना या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "जेवण झालं की सगळं घर आडवं होतं. त्या तिघांनी काय घोडं मारलंय? उजाडल्यापासून राबतात बिचारे. एकाला निजवायचं, दोघांनी सांभाळून घ्यायचं. गिरणीत आमचं असंच चालायचं. वर्षभर करतोय मी."

वर्षभर! एक मशीन होतं तोवर दोघांनी खरंच सांभाळून घेतलं होतं. दुसरं आल्यावर कपाट जड झालं.

"पण बाबा, वीज जायची ती?"

"मला वाटलं, संप करतात. म्हणजे विश्रांती कमी पडत असणार. म्हणून मग जरा वाढवली."

ताईंनी कपाळाला हात लावला. त्यांना हसू येत होतं की पुन्हा रडू, ते मला भिंगातूनही कळलं नसतं. आजोबा मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांचाच चेहरा उतरला.

"तू बाजारात गेली होतीस," ते सावकाश म्हणाले, "त्या दिवशीसुद्धा मी धाकट्याला..."

ताई हातातल्या चादरीची घडी घालू लागल्या.

"म्हणजे ती सगळी अंडी माझ्यामुळे गेली?"

ताई त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि चादर त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, बाबा. मीसुद्धा नाही. यंत्रं दमत नाहीत हो."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

आजोबा थोडा वेळ शिट्टी बोटांत फिरवत राहिले. "मग फार वाईट आहे त्यांचं," ते म्हणाले.

हा गंभीर क्षण हलका करणं मला भाग होतं. "मी म्हणालोच होतो," मी म्हणालो. "गुन्हेगार घरातलाच."

"तुम्ही पाल म्हणाला होतात," मेहुणा म्हणाला.

"पाल काय बाहेरची होती?"

पिल्लं सुखरूप निघेपर्यंत हलायचं नाही, असं मेहुण्याने परस्पर ठरवून टाकलं, त्यामुळे आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, पण कोणी आडवं झालं नाही. मला मागच्या खोलीच्या दाराशी उभं केलं होतं, बसायची परवानगी नव्हती. आजोबा तिकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी सकाळपासून अन्नाला जेमतेम हात लावला होता. ताईंनी त्यांचा हात धरून त्यांना मशीनच्या काचेसमोर स्टुलावर आणून बसवलं. "ही तुमची पाळी," त्या म्हणाल्या. "इथून उठायचं नाही."

पहिल्या अंड्याला बारीक भोक पडलं तेव्हा मी पहारा सोडून पळत आलो. भोकातून चोच दिसली. मग तडा अंड्याभोवती फिरत गेला, कवच उचललं गेलं आणि ओलं, विस्कटलेलं पिल्लू बाहेर घरंगळलं. घरंगळलं आणि मान टाकून पडून राहिलं.

"हे हलत नाहीये," आजोबा म्हणाले. "सूनबाई, हे हलत नाहीये गं."

ताई वाकल्या, बघितलं आणि हसल्या. कालपासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या. "कवच फोडायला फार जोर लागतो, बाबा. दमलंय ते."

आजोबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. विचारावं की नाही, अशा घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग याला झोपू द्यायचं का?"

"द्यायचं ना. पोटभर झोपू द्या."

मी घसा साफ केला. या प्रकरणावरचा माझा अंतिम निष्कर्ष सांगायची हीच वेळ होती. "मंडळी, सुरुवातीपासूनच माझ्या ध्यानात आलं होतं की..."

आजोबांनी काचेवरची नजर न हटवता ओठांवर बोट ठेवलं. उभ्या गिरणीला गप्प करणारं ते बोट होतं. मी निष्कर्ष अर्ध्यावर सोडून गप्प उभा राहिलो. मागच्या खोलीत थोरला, मधला आणि धाकटा एका सुरात घुमत होते.