नाव नंतर कळवण्यात येईल

ज्या माणसाने आजवर काहीच केलेलं नाही, त्याच्या हातून काय काय होऊ शकेल याला मर्यादा नसते. उलट ज्याने काहीतरी करून दाखवलं त्याची मर्यादा सगळ्यांना कळते, आणि तिथूनच तो लोकांच्या मनातून उतरायला लागतो. हे तत्त्व लग्नं जुळवताना आणि निवडणुकीत पूर्वीपासून पाळलं जातं. बेसबॉलमध्ये ते शेवटपर्यंत नेऊन दाखवण्याचा मान मात्र आमच्या हॅल्स्टेड शहराचा आहे. त्या कार्यात आमच्या समितीचा वाटा किती होता, हे चिटणीस या नात्याने मी इथे नोंदवून ठेवतो आहे.

समितीचं पूर्ण नाव 'हॅल्स्टेड स्टोकर्स वरचा मजला (डावी बाजू) प्रेक्षक समिती'. एकूण सभासद त्रेचाळीस. पैकी सभेला येणारे बारा, ऐकून घेणारे दोन. दर मंगळवारी बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत आमची बैठक भरते. भिंतीपलीकडे लाकडी खुंट धडाधड पडत असल्याने बोलणाऱ्याला मध्येमध्ये थांबावं लागतं, त्यामुळे आमचे ठराव आटोपशीर असतात. (विचारही.)

आमचे स्टोकर्स अंतिम मालिकेत शेवटचे खेळले त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. त्या दिवशी आमचा सभासद ॲम्ब्रोज झेलेन्का तेवीस वर्षांचा होता आणि पोलाद कारखान्यात भट्टीसमोर उभा होता, कारण मुकादमाने ऐन वेळी त्याची पाळी बदलली. सामना त्याने रेडिओवर ऐकला, तोही अर्धाच. तेव्हापासून त्याची एकच इच्छा होती : अंतिम मालिकेतला एक सामना, आपल्या मैदानावर, आपल्या खुर्चीवर बसून बघायचा. आता तो एक्याऐंशीचा होता. वसंतात डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासलं आणि म्हणाले, "या वर्षीचा सीझन मजेत बघा." डॉक्टरही स्टोकर्सवाले निघाले म्हणून ॲम्ब्रोज खूश झाला. त्याच्या मुलीला मात्र त्या वाक्याचा अर्थ कळला आणि ती गाडीत जाऊन रडली.

आणि त्याच वर्षी, जुलै संपत आला तरी, स्टोकर्स पहिल्या क्रमांकावर होते.

अशा प्रसंगाची आम्हाला सवय नव्हती. चौकशी केल्यावर कारण उघड झालं. कॅल रुडिसिल नावाचा आमचा पिचर असे काही चेंडू फेकत होता की समोरच्या बॅटरला ते गेल्यावरच दिसत. चौदा सामने जिंकून दिले, दोन हरला. हा मनुष्य आमच्याच गावात तळ्याजवळ घर घेऊन राहत होता, आमच्याच दुकानातून मासे नेत होता आणि रांगेत उभा राहून नेत होता. त्यामुळे त्याच्याबद्दल आदर वाटणं जरा कठीणच जाई.

जुलैची एकतीस तारीख ही खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख. त्या दिवशी दुपारी बातमी फुटली, की क्लब रुडिसिलला सॅन लुकासच्या ऑटर्सना देण्याच्या विचारात आहे. बदल्यात तीन होतकरू पोरं आणि 'नाव नंतर कळवण्यात येईल' असा एक खेळाडू. ही शेवटची जात आमच्या खेळात फार जुनी आहे. दोन क्लबांचं चौथ्या माणसावर एकमत झालं नाही, की ती जागा कोरी ठेवतात आणि सहा महिन्यांच्या आत तिथे नाव भरतात. तोवर तो माणूस रीतसर दिला-घेतला गेलेला असतो, पेपरात छापून आलेला असतो. फक्त तो कोण, हे खुद्द त्यालाही माहीत नसतं.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. अध्यक्षा डोरीन स्क्वायर्स (व्यवसायाने दंतवैद्य, म्हणून समोरच्याचं तोंड बंद करण्यापेक्षा उघडं ठेवण्यात वाकबगार) यांनी विषय मांडला. नंतर मर्विन ओबर्ग उभा राहिला. मर्विन नगरपालिकेत गटारं तपासतो आणि उरलेल्या वेळात होतकरूंचे तक्ते करतो. पहिला होतकरू डेव्हन क्रॅबट्री, वय एकोणीस. चेंडू अफाट वेगाने फेकतो, दिशेचा अभ्यास चालू आहे. दुसरा एलियूद पेन्या, वय सतरा. अजून वाढतो आहे, म्हणजे कितीही वाढू शकेल. तिसरा ब्रॅडी ऑस्टरहाउट. खेळाची माहिती उपलब्ध नाही, पण खेळाडू हेरणाऱ्या तपासनिसाने शेरा दिला आहे, 'चेहरा चांगला'. (हा शेरा आमच्या खेळात गांभीर्याने घेतात.)

"पण आपण पहिल्या नंबरावर आहोत की," ॲम्ब्रोज म्हणाला.

"तेच तर सांगतोय," मर्विन म्हणाला. "याच्यावर जागाच नाही. इथून आता खालीच जायचंय. मग तयारीने जाऊ."

"आणि ही पोरं खेळणार कधी?"

"पाच वर्षांनी. फार तर सहा."

"अरे, मी एक्याऐंशीचा आहे."

"मग तब्येत सांभाळा ना जरा. तळलेले मासे बंद करा."

"तेवढ्यासाठी आणखी सहा वर्षं जगू?"

"ॲम्ब्रोज," डोरीन समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. इथे खेळाचा विषय चाललाय."

पलीकडे खुंट पडले. सगळे थांबले. मग ॲम्ब्रोज म्हणाला, "मला एक सामना बघायचाय, बाई. दुसरं काही नाही." यावर सभागृहाने सहानुभूती व्यक्त केली आणि मतदान घेतलं. सौद्याच्या बाजूने अकरा, विरुद्ध एक. (चिटणिसाने तटस्थ राहावं असा नियम आहे. मी तटस्थ राहून बाजूने हात वर केला.) क्लबने आमचा ठराव मंजूर होण्याच्या दोन तास आधीच अंमलात आणला होता, ही गोष्ट आम्हाला घरी गेल्यावर कळली. लोकमताची इतकी तत्पर दखल मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढच्या चाळीस सामन्यांपैकी स्टोकर्स एकतीस हरले. पण आमचं मैदानाकडे लक्ष कुठे होतं! चौघा नव्यांमध्ये सर्वांत लाडका ठरला तो चौथा, बिननावाचा. क्रॅबट्रीचा चेंडू एकदा पंचांना लागला. पेन्याला गोवर झाला. ऑस्टरहाउटने दाढी वाढवली आणि चेहऱ्याचा प्रश्न निर्माण झाला. चौथ्याचं तसं नव्हतं. मर्विनच्या तक्त्यात त्याला दहापैकी नऊ पूर्णांक चार गुण होते, कारण शोधूनही त्याच्यात एक दोष सापडत नव्हता. (सहा दशांश गुण नम्रतेसाठी राखून ठेवले होते.) क्लबने पाठ कोरी असलेला सदरा विक्रीला काढला, चार हजार सदरे आठवड्यात संपले. त्याची जन्मतारीख माहीत नसल्याने आम्ही वाढदिवस दर महिन्याला साजरा करत होतो. तो डावखुरा असावा की उजवा, यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. हॅल्स्टेडमध्ये माझ्या आठवणीत इतकी एकजूट कधी नव्हती.

इकडे ऑक्टोबरात ऑटर्स अंतिम मालिकेत पोचले आणि रुडिसिलच्या जिवावर जिंकलेही. ॲम्ब्रोजने तो सामना बोलिंग हॉलच्या टीव्हीवर पाहिला. शेवटचा गडी बाद करताना रुडिसिलचा खांदा निखळला. ॲम्ब्रोज हातात कागदी रुमाल धरून बराच वेळ उभा होता. त्या वेळी आत आमची सभा चालू होती. विषय : पेन्याची उंची.

जानेवारीत मुदतीच्या शेवटच्या दिवशी क्लबने एका ओळीची सूचना काढली. जुलैच्या सौद्यातील चौथा खेळाडू : कॅल रुडिसिल.

मर्विनने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. ऑटर्सना निखळलेला खांदा नको होता, आणि रिकाम्या जागेत कोणतंही नाव चालतं असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आम्ही रुडिसिल देऊन रुडिसिल घेतला होता. सर्वप्रथम डोरीन सावरली. "नीट बघा," ती म्हणाली. "एक दिला, चार आले. त्यातला एक तर तोच. तीन पोरं फुकटात पडली. तिकडे काय राहिलं? नुसता चषक."

"आणि खांदा," मर्विन म्हणाला. त्याने तिथल्या तिथे गुण सुधारले. नऊ पूर्णांक चारवरून तीन पूर्णांक एक. माणूस तोच, पण आता त्याला नाव होतं, वय होतं, आणि त्याला काय जमतं हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

ॲम्ब्रोज इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "सेक्रेटरी," तो मला म्हणाला, "लिही तुझ्या वहीत. गावचा माणूस गावात आला." कोऱ्या सदऱ्यांवर नाव फुकट छापून देण्याची सोय क्लबने केली होती. चार हजारांतून एकच माणूस गेला. तो ॲम्ब्रोज होता आणि त्याने सदरा त्याच सकाळी एका निराश मालकाकडून निम्म्या किमतीत घेतला होता.

पुढच्या हंगामात जूनमध्ये एक संकट आलं. क्रॅबट्रीची दिशा सुधारली आणि तो खरोखर खेळायला येणार अशी चिन्हं दिसू लागली. आम्ही तातडीने निवेदन दिलं. क्लबने वेळीच त्याला विकून दोन सोळा वर्षांची पोरं घेतली, आणि आमचं भविष्य पुन्हा सुरक्षित झालं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. स्टोकर्स तळाला होते आणि आठव्या डावात नऊ धावांनी मागे होते. समितीची उपस्थिती शंभर टक्के, बाराच्या बारा. कारण त्याच वेळी व्हर्जिनियातल्या कुठल्याशा गावात आमच्या कनिष्ठ संघाकडून पेन्या बॅटिंगला उतरणार होता आणि तो फोनवर एकत्र बघायचा असं ठरलं होतं. (मर्विनच्या फोनवर चित्र मोठं दिसतं.) खाली रुडिसिलला, आमच्या मैदानावर चौदा महिन्यांनी, एका डावापुरतं चेंडू फेकायला पाठवलं होतं. खांदा बरा झाला होता म्हणतात. बहुधा निरोपाचा मान म्हणून असेल. ॲम्ब्रोज रुडिसिलचं नाव छापलेला सदरा घालून आपल्या खुर्चीत बसला होता. मांडीवर स्कोअरचं कार्ड, कानावर पेन्सिल. वयाच्या नवव्या वर्षापासून त्याने पाहिलेल्या प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू असा टिपून ठेवला आहे.

"सेक्रेटरी, खाली बघ," तो म्हणाला.

"हो हो," मी म्हणालो. पेन्याने पहिला चेंडू सोडला होता. फार परिपक्वतेने सोडला.

"अरे, बघ रे."

"एक मिनिट, ॲम्ब्रोज. हा एवढा होऊ दे."

मैदानात गलका झाला. सीगल उतरले असतील असं आम्हाला वाटलं. तळ्यावरून ते नेहमी येतात. मग लोक उभे राहू लागले. पेन्या बाद झाला. पण बाद होतानाही त्याची आश्वासकता लपत नव्हती, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून मान वर केली तर रुडिसिल टोपी हातात घेऊन मैदानाबाहेर चालला होता. नऊ चेंडू, तीन गडी. प्रत्येकाला मोजून तीन, त्याहून कमीत असा गडी बाद करताच येत नाही. एकही चेंडू कुणाच्या बॅटला लागला नाही. आमच्या मैदानाच्या साठ वर्षांत हे कुणी केलेलं नव्हतं. तीन हजार एकशे सोळा माणसांनी ते पाहिलं. आमच्या ओळीत बसलेल्या बारापैकी एकाने. ॲम्ब्रोजचे डोळे भरले होते आणि पेन्सिल अजून चालू होती. त्याने कार्डाच्या खाली तारीख घातली आणि म्हणाला, "झालं माझं. अंतिम मालिका घाला चुलीत."

इतिवृत्तात नोंद करणं माझं काम. मी म्हणालो, "ॲम्ब्रोज, कार्ड दाखवा ना जरा."

त्याने कार्डाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. "आत्ता नको," तो म्हणाला. "पाच वर्षांनी बघ. फार तर सहा."

फेब्रुवारीत ॲम्ब्रोज गेला. त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे मुलीने कार्ड त्याच्या खिशातच राहू दिलं. त्या नऊ चेंडूंची आमच्या दप्तरी नोंद नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं; आमच्या वहीत त्यासाठी रकाना नाही, म्हणून इथे लिहिलं. मर्विनने त्याच्या खुर्चीसाठी नवीन सभासदांचा तक्ता केला आहे. सर्वाधिक गुण अजून न भेटलेल्या उमेदवाराला आहेत.

तेव्हा समितीत एक जागा रिकामी आहे. बेसबॉल कळण्याची अट नाही. हे वाचत असताना घरातल्या कुणी तुम्हाला दोनदा हाक मारली असेल, "जरा इकडे बघ" म्हटलं असेल, आणि तुम्ही मान वर न करता "हो हो, एवढं होऊ दे" असं उत्तर दिलं असेल, तर तुमचा अर्ज आमच्याकडे पोचला आहे आणि तो एकमताने मंजूरही झाला आहे. नाव नंतर कळवलंत तरी चालेल.